मनकर्णेचे दात

प्रिय उत्तम,

अमरावतीहून तुझ्या थोरल्या बहिणीचा, बाईचा आशीर्वाद. रिद्धपूरच्या मठात अक्षरं शिकले ते बरं झालं. हे दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

तुझी बायको दात काळे करायचं दातवण लावत नाही. दिवाळीनंतर तू कापूस घेऊन अकोल्याले गेलास तेव्हा मनकर्णेचे दात सवाशिणीचे असावेत तसे काळेभोर होते. संक्रांतीले करडे झाले, आता पांढरे. बाबा दात पाहिल्याशिवाय बैल घेत नसत. मी माणसांचे पाहते. पांढरे दात आम्हा विधवांचे. नवरा असताना ही काहून दात पांढरे करून राहिली? हसत नाही, बोलताना पदर तोंडावर. अन् तुझ्याबरोबर गेलेला गाडीवान शालिकराम परत आल्यापासून दाराशी दिसला की हिची धावपळ. मले पाहून दोघंही गप्प. माझ्या मनात नको ते आलं. खोटं काहून सांगू, तिची पेटीही उघडून पाहिली. दातवणाची डबी भरलेली, तशीच.

परवा गोठ्यात तिले गाठलं अन् सरळच विचारलं. ती गव्हाणीले धरून रडली. म्हणाली, "बाई, ते अकोल्यात पटकीच्या साथीनं गेले. शालिकरामनं सांगतलं. घरी आजारी पडलेल्या मायले कसं सांगू? तिले दिसते म्हणून मी कुंकू लावून राहिली. दातवणाले मात्र हात जात नाही."

मीही तिच्यासंगं रडले. पण माझा स्वभाव तुले माहीत आहे. शालिकरामले बोलावून खोदून खोदून विचारलं. चेहरा ओळखू येत नव्हता म्हणे, तुझ्या लाल पागोट्यावरून ओळखलं. मी म्हटलं, दात कसे होते? म्हणाला, पांढरेशुभ्र. अरे, मिसरूड फुटायच्या आधीपासून तू तंबाखू चघळतोस. तुझे दात पिवळे, समोरचा एक किडून काळा. त्यावरून आपण किती भांडलो. तो मेलेला माणूस तू नव्हतास.

मनकर्णेले हे पटत नाही. मेल्यावर सगळंच पांढरं पडते, म्हणते. माय उठून बसली की कुंकूही पुसणार आहे.

म्हणून हे पत्र शालिकरामच्याच हाती देते. त्याच्यावर माझा भरवसा नाही, पण अकोल्याले जाणारी गाडी त्याचीच. पागोटं कोणाले दिलंस ते मागून सांग. आधी ये, अंगणात उभा राहा अन् तिच्याकडे पाहून हास. तुझे ते घाणेरडे दात तिले दिसू दे. माझे दात पांढरे झाले तेव्हा माझ्यासाठी कोणी परत आलं नव्हतं.

तुझीच, दाराकडे डोळे लावून बसलेली,
दुर्गाबाई