माझ्या हारातला अंबर

आप्पा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आणि भांडायचं मला आज सुचतंय.

लालबागच्या आपल्या घरात, मागच्या पडवीत तुम्ही हार ओवायला बसायचात. मध्ये कोरलेलं जेडचं पान, दोन्ही बाजूंना अंबरचे, म्हणजे दगड झालेल्या राळेचे पिवळे मणी, वर जुने अकीकाचे मणी. गाठ मारायला तुम्हीच मला शिकवलंत. भावाला त्यात कधी गोडी नव्हती. माझ्या लग्नात तसाच एक हार माझ्या गळ्यात घातलात आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणालात, "अस्सल अंबर आहे पोरी, जपून वापर." खकनारला सासरी मी तो जपला. सणावारालाच काढायचे.

त्याच वर्षी भावाचं लग्न ठरलं. वहिनीचा हार ओवायला तुम्ही मला माहेरी बोलावून घेतलंत. अंबरचे मणी पुढ्यात ठेवून म्हणालात, "भोकापाशी तापलेली सुई लाव. वास कसला येतो?"

"राळेचा."

"मग खरा. जळक्या प्लास्टिकचा आला तर फेकून दे."

एकेक मणी तपासून मी वहिनीसाठी ओवला.

आता माझ्या मुलीचं लग्न आहे. तिला नानाजींचा, म्हणजे तुमचा, हार घालायचाय. धागा कुजला होता, म्हणून परवा मी तो उसवला. मोकळे मणी तळहातावर घेतले आणि अंबर हाताला वेगळाच लागला. तुम्ही दिलेली वस्तू तपासायची असते, हे इतक्या वर्षांत मनातही आलं नव्हतं. सुई तापवली. एका मण्याला लावली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. स्वयंपाकघरभर प्लास्टिकचा वास. जेड खरा, अकीक खरे. अंबर तेवढा खोटा.

भावाला फोन केला. "जाऊ दे ना ताई, तेव्हा हात तंग होता," तो म्हणाला. म्हणजे त्याला ठाऊक होतं! आणि तोच हात काही महिन्यांत वहिनीसाठी सैल कसा झाला? खोटाच द्यायचा होता तर तसं सांगून द्यायचात. मी हसत घातला असता. मांडवात मोठ्याने बोलायची काय गरज होती, आप्पा?

मीही आता हार ओवायचं काम करते; त्यासाठी आणलेले अंबरचे खरे मणी काल मी त्या हारात ओवले. पोरगी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "मम्मी, नानाजींचा तुझ्यावर किती जीव होता ना!"

मी हो म्हटलं. तुमची अब्रू राखावी असं मनात नव्हतं. आपल्या आईला तिच्या बापाने काय लेखलं, हे पोरीला कळायची मला लाज वाटली. हा कागदही तिच्या हाती लागू देणार नाही.