भर दुपारच्या दोन हाका

आये, तुझं भूत परवा पुनावळ्यात जिंकलं. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, भर दुपारी, पडदे ओढून. बाकी सगळ्यांना सांगून झालं, तुला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

पिंपरीतल्या त्या कंपनीचं कॅन्टीन अजून डोळ्यांसमोर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू मला बरोबर न्यायचीस. पहिल्या शिफ्टचं जेवण उरकलेलं, ताटं धुवून पालथी घातलेली, आणि तुम्ही बाया रात्रपाळीच्या भाजीसाठी मेथी निवडत फरशीवर बसलेल्या. बाहेर उन्हानं पत्रे तडतडताहेत आणि तू आपल्या चाकणकडच्या गावची गोष्ट सांगतेयस. एक बाई मळ्यात एकटी आहे, सूर्य डोक्यावर आलाय, आणि बांधापलीकडून तिला कुणीतरी हाक मारतं. इथवर आलीस की तू उठायचीस आणि भिंतीतला तो मोठा एक्झॉस्ट पंखा बंद करायचीस. दिवसभर घोंघावणारा तो आवाज एकदम थांबला की सगळ्यांचे कान उभे. "पयल्या हाकंला ओ द्यायची न्हाई," तू हळूच सांगतेस. "दुसऱ्या हाकंला बी न्हाई. त्याला तिसऱ्यांदा हाक मारता येत न्हाई. माणूस आसंल तर मारील तिसरी." आणि पुन्हा मेथी निवडायला लागतेस. बाया एकमेकींना चिकटलेल्या. "अगं बाई, पुढं काय झालं?" कुणीतरी विचारतं. "पुढं काय व्हनार? बसलीया ती वाट बघत."

एकदा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आज गोष्ट मी सांगणार. उलटे पाय घातले, लाल डोळे घातले, हातभर जीभ घातली. बाया फिदीफिदी हसल्या. घरी जाताना तू मला चांगलंच झापलंस. "भूत दावलंस की संपलं, पोरी. दिसलं की त्यो सोंगाड्या. न्हाई दिसलं, तर जी ती आपली भीती त्यात घालती." मी फुगून बसले होते. पण पुढं चिंचवडला मॅटिनीला गेलो तेव्हा पटलं. धुकं, करकरणारा जिना, रिकामा झोपाळा. तोवर तू माझं मनगट असं आवळून धरलं होतंस की बांगडी रुतली. मग भूत आलं आणि तू खो-खो हसत सुटलीस. मागून एक जण ओरडला, "ओ मावशी, गप बसा की!" तू वळून म्हणालीस, "मी कशाला गप बसू? त्याच्या गालाची पावडर गळतीया, ते बघा आदी!" पुढं सगळी रांग हसत होती, पडद्यावरचं भूत बिचारं एकटं पडलं.

तू गेल्यावर मी भुताचा एकही सिनेमा सोडला नाही. आधी थिएटरात, मग टीव्हीवर, आता मोबाईलवर. कुठकुठल्या देशांतले येतात. भाषा कळत नाही, पण रिकाम्या खोलीला भाषा लागते कुठं? चांगला सिनेमा दारावर नजर लावून बसवतो आणि दार उघडत नाही. ते पाहिलं की मी मनात म्हणते, हा आमच्या कॅन्टीनचा.

यंदा सोसायटीच्या गणपतीत छोट्या सिनेमांची स्पर्धा निघाली. मी नाव दिलं. सूनबाईनं मोबाईल धरला, कापाकापी मी स्वतः बघूनबघून शिकले. गोष्ट तुझीच, फक्त मळ्याऐवजी आमचा फ्लॅट. एक बाई दुपारी एकटीच मेथी निवडतेय आणि फोनवर नातीला तिसऱ्या हाकेचा नियम सांगतेय. फोन ठेवते. खाली पाण्याची मोटर चालू आहे, ती थांबते. जिन्यातून हाक येते, "अगं ये ना." थोड्या वेळानं पुन्हा, "अगं ये ना." मग काही नाही. तिची बोटं मेथीच्या काडीवर थांबलेली, दाराची कडी बंद, आणि सिनेमा संपतो.

सूनबाई म्हणाली, "आई, निदान पांढरी साडी तरी दाखवू या. नुसत्या दाराला कोण घाबरणार?" सोसायटीचे अध्यक्ष तर पाहून डोकंच खाजवायला लागले. "काकू, सगळं छान आहे, पण भूत कुठंय? लोक मेथी बघायला येणारेत का? हे बघा, मंडळी चुळबुळायला लागली की मी बंद करून अंताक्षरी लावणार." आणि आम्हाला दिली दुपारची वेळ, जेव्हा कुणी फिरकत नाही. त्यांना काय ठाऊक, ती आपलीच वेळ! पण आये, माझं हसं झालं असतं तर चाललं असतं, मला त्याची सवय आहे. तुझी गोष्ट पडली असती तर मला ते सोसलं नसतं. आयुष्यभर ज्याला मी सोनं म्हणत आले ते पितळ निघालं असतं.

गणपतीच्या प्रसादाची पंगत नुकतीच उठल्यामुळं माणसं मात्र भरपूर आली, एसीच्या गारव्याला. सुरुवातीला कुजबुज, पोरांची किरकिर. मोटर थांबली आणि हॉल असा चिडीचूप झाला की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. पहिली हाक. दुसरी हाक. पडदा काळा झाला. कुणी टाळी वाजवेना, कुणी हलेना. आणि तेवढ्यात पाठीमागच्या दारातून आवाज आला, "साहेब!" एकानंही मान वळवली नाही. "साहेब!" अध्यक्ष पहिल्याच रांगेत, खुर्चीचे हात गच्च धरून, समोर बघताहेत. त्यांच्या बायकोनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. मग तिसऱ्यांदा, वैतागून, "अहो साहेब, तुमची गाडी काढा ना, टँकर अडकलाय गेटात!" आमचा वॉचमन! अख्ख्या हॉलनं एकदम श्वास सोडला. कोण किंचाळलं, कोण हसत सुटलं, आणि मग अशा टाळ्या पडल्या की वॉचमन बिचारा घाबरून मागं सरला. अध्यक्ष घाम पुसत माझ्याकडं आले. "काकू, पुढच्या पिक्चरला भूत मी होणार." म्हटलं, "व्हा की. पण दिसायचं नाही."

पहिलं बक्षीस मिळालं. त्याहून गंमत म्हणजे आता आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. कुरिअरवाला घसा फोडून वैतागलाय.

सगळे विचारतात, तो जिन्यातला आवाज कुणाचा? मी हसून वेळ मारून नेते. आवाज मीच काढला, तुझा. मला वाटलं होतं विसरले असेन. मोबाईलसमोर तोंड उघडलं आणि तू मला कॅन्टीनच्या दारातून घरी निघायला बोलवायचीस, तस्साच निघाला.

इतकं सगळं लिहिलं, पण पाठवायची वाट शोधणार नाही. घरातल्यांनी विचारलं तर सांगेन, पत्ता ठाऊक नाही. खरं तुला सांगते: जन्मभर भुतांच्या गोष्टींवर जगले, पण या पत्राला तुझं उत्तर आलं, तर माझी पाचावर धारण बसेल.