पार्बताबाईंची पाठ

सावली गाव, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

पाठ दुखतेय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाठीत सुया खुपसणाऱ्या भूलतज्ज्ञ बाईला ही शिक्षा रास्तच म्हणायची.

पण डोक्यातून जात नाही ती पार्बताबाईंची पाठ. सत्तरी उलटलेली, भाताच्या बांधीत वाकून वाकून कमान झालेली. आज गर्भाशयाचं ऑपरेशन होतं. छाती इतकी खराब की पूर्ण भूल दिली असती तर कदाचित जाग्याच झाल्या नसत्या. म्हणजे भूल कमरेतूनच द्यायची, आणि मणक्यांत फट सापडेना. दोनदा सुई हाडावर आपटली. सर्जन सभ्यपणे छताकडे बघू लागले.

"आजी, मांजरीसारखी पाठ करा," मी पुस्तकी थाटात म्हणाले.

"मांजरीसारखी काऊन? रोवणीले वाकतेत तशी सांग ना वो!"

आणि बसल्या जागी वाकल्या, चिखलात रोपं खोचायला निघाल्यासारख्या. मी मणका न् मणका पुन्हा चाचपला, मधूनच सुई घालायचा हट्ट सोडून बाजूने तिरपी घातली. सुईतून पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला, म्हणजे जागा सापडली. तेव्हा कुठे मी भुलीचं औषध सोडलं.

पाय बधिर झाल्यावर म्हणाल्या, "बुढा गेला तवापासून या पाठीले कोनी हात नाई लावला, बाई. बरं वाटलं."

आणि मी तर नुसती फट शोधत होते!

आता मलम घेऊन बसलेय. खांद्यावरून झालं, कमरेकडून झालं. जिथे दुखतंय तिथे माझा हात पोहोचत नाही.