दप्तरांचा कारखाना कोणाच्या नावे

मी, दप्तरं शिवणारी बाई, गुडघ्यांनी दगा दिला तरी डोकं ठिकाणावर असताना, कोणी कान भरलेले नसताना, राजीखुशीने हे लिहून ठेवते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं.

१. राहतं घर मुलगा आणि सून यांना निम्मं निम्मं.

२. माझ्या दिरांना गोदामाचं कुलूप द्यावं. गोदाम नाही, नुसतं कुलूप. "वहिनी, भरलेलं गोदाम म्हणजे भरलेलं पोट," असं ते म्हणत. अर्धवट दप्तरांचा डोंगर साचे आणि पट्टा उलटा लागल्याचं उशिरा कळलं की अख्खा डोंगर उसवावा लागे. सुनेने नियम केला, पुढच्या टेबलाने मागितल्याशिवाय मागच्याने शिवायचं नाही. "बायका रिकाम्या बसल्यात!" म्हणून दिरांनी घर डोक्यावर घेतलं. आता त्या गोदामात ऊन येतं आणि बायका तिथे डबा खातात.

३. भिंतीवरची घंटा कोणी काढू नये. चूक दिसली की कोणीही ती वाजवावी, सगळ्यांनी हात थांबवावेत आणि "कोणी केलं?" न विचारता "का झालं?" विचारावं, मूळ सापडेपर्यंत. सुरुवातीला कोणी धजेना. मग सुनेने स्वतःचीच वाकडी शिवण दाखवून घंटा वाजवली.

४. कारखाना मुलाच्या नावे, चालवायचा सुनेने. (हे कलम खोडलं आहे. कारण पुढे.)

५. आज हे सगळ्यांसमोर वाचताना चौथ्या कलमाला घंटा वाजली. वाजवणारा माझा मुलगा, ज्याने जन्मात सुईत दोरा ओवला नाही.

"आई, इथे चूक आहे. चालवणार ती, मग नाव माझं का?"

"लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?" कापड कापणाऱ्या मावशी म्हणाल्या. मी पोराकडे वळले.

"तुला नकोय का रे कारखाना?"

"तू कधी विचारलंस? मला माझी शाळेतली नोकरी आवडते. हे गळ्यात पडणार म्हणून धास्तावलो होतो."

पोरगा चक्क हसत होता. सून मान खाली घालून डोळे पुसत होती. मला दोघांचा फार अभिमान वाटला.

सबब कारखाना, यंत्रं आणि घंटा यांच्यासह, सुनेला. कारण ती तो माझ्यापेक्षा चांगला चालवते. वकील म्हणाले, "तुमच्या पश्चात, असं लिहू?" मी म्हटलं, तयार माणसाला माझ्या मरणाची वाट बघत कशाला ताटकळत ठेवायचं? वेगळं बक्षीसपत्र करा. उद्या सकाळपासून कारखाना तिचा.

सही: लिहून देणार, उद्यापासून बटणं लावणार.
साक्षीदार: कापड कापणाऱ्या मावशी, शेजारचे औषधवाले, घंटा ऐकून धावत आलेले.
ठिकाण: शिलाईची खोली. दिनांक: आज, सोमवार, डबा खाण्याआधी.