न हललेली नळी

रॉटरडॅम, रविवार

प्रिय अभ्या,

एकोणीस दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतोस एवढं कळतं. शेवटी कागद घेतला. नेमबाजीने सुजलेलं माझं उजवं मनगट अजून उतरलेलं नाही, तेव्हा अक्षर लावून घे. त्या मंगळवारी पोलीस तुझ्या नीउ-व्हेनेपच्या घरी आले, तिजोरीतलं रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं घेऊन गेले आणि चौकशी होईपर्यंत परवाना थांबवला, हे मला क्लबात टोनने सांगितलं. चाळीस वर्षं नेमबाजी शिकवणारा माणूस, पण सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. आणि परवा इरावतीचा पुण्याहून फोन आला. हा सगळा प्रकार तिनेच केला असं तू तिला लिहिलंस म्हणे, आणि पुढे जे लिहिलंस ते तिने मला वाचून दाखवलं नाही. नुसती रडत होती. पाठीमागे संहिता डचमध्ये काहीतरी विचारत होती, तिला उत्तर द्यायलाही कोणी नव्हतं.

मी थकलोय रे. ऑफिसात बंदरातल्या कंटेनरांची वेळापत्रकं लावतो, घरी येतो, जेवून आडवा होतो. क्लबला जाणंही होत नाही. गेलो तरी तुझ्याशिवाय शेजारची जागा बघवत नाही. आठ वर्षांपूर्वी तूच मला तिथे ओढत नेलंस. कॉलेजात एनसीसीची रायफल चालवली होती, एवढ्या भांडवलावर आपण दोघं फॉर्टी-फोर मॅग्नमसारखं दांडगं रिव्हॉल्व्हर हातात घ्यायला निघालो होतो! पहिल्या गोळीला माझी नळी छताकडे गेली आणि पंजा आहे की गेला हे मी दोनदा बघितलं. तू हसून बाकावर बसलास. मग तुझी पाळी आली आणि हसू जिरलं.

टोनने सगळं पहिल्यापासून शिकवलं. मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर, डाव्या हाताची बोटं उजव्यावर घट्ट, कोपरं किंचित सैल, वजन पुढच्या पायावर. आणि धक्क्याशी झगडायचं नाही. नळी वर जाणारच, तिला जाऊ द्यायचं, पकड बदलली नाही तर ती आपल्या जागी परत येते. मला हे जमायला दोन वर्षं लागली. तुला काही केल्या जमेना. तुझा नेम उत्तम, पण गोळी सुटायच्या आधीच तुझा हात धक्का गृहीत धरून खाली जायचा. म्हणून टोनने आपल्याला तो खेळ लावून दिला. मी तुझ्या रिव्हॉल्व्हरच्या सहा घरांत चार जिवंत काडतुसं आणि दोन रिकाम्या पुंगळ्या भरायच्या, कुठे काय ते तुला कळू द्यायचं नाही. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला की नुसती टिक व्हायची आणि तुझी नळी वीतभर खाली वाकायची. अभ्याने नमस्कार घातला, असं मी ओरडायचो. वर्षानुवर्षं घातलेस तू नमस्कार, आणि दर वेळी मला शिव्याही.

जानेवारीत इरावती तुला सोडून लेकीला, संहिताला, घेऊन पुण्याला गेली. दोन महिने तू क्लबात आला नाहीस. मार्चमध्ये आलास, मी नेहमीसारख्या पुंगळ्या भरल्या. टिक झाली, आणि नळी हललीच नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी आनंदाने तुझ्या पाठीवर थाप मारली. पुढच्या महिन्यात तू स्पर्धा जिंकलास, इथल्या रीतीप्रमाणे सगळ्यांसाठी केक आणलास आणि स्वतः एक तुकडाही खाल्ला नाहीस. काय युक्ती केलीस म्हणून मी विचारलं, तर म्हणालास, आता धक्क्याची भीती वाटत नाही, कशाचीच वाटत नाही. मी मूर्ख, ते वाक्य चार जणांना कौतुकाने सांगत फिरलो.

मग तू मला तुझ्या रिव्हॉल्व्हरची अक्रोडाच्या लाकडाची मूठ देऊन टाकलीस, मुद्दाम करून घेतलेली. तुळशीची कुंडी दिलीस. संहिताची कागदपत्रं एका पाकिटात घालून माझ्याकडे ठेवलीस, तुझ्याकडे हरवतील म्हणून. तू, जो कार्यालयाची जुनी प्रवेशपत्रंसुद्धा तारखेप्रमाणे लावून ठेवतोस! त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर मूठ, कुंडी, पाकीट असा हिशेब मांडला आणि तू काय ठरवलंयस ते मला कळलं. तरी मी अकरा दिवस गप्प बसलो. परवान्याच्या अर्जावर तुला ओळखणाऱ्या तीन माणसांत पहिलं नाव माझं होतं. हा माणूस जबाबदार आहे, असं मी पोलिसांना स्वतः सांगितलं होतं. ते शब्द मागे घेणं म्हणजे तुला उघडं पाडणं, असं वाटत राहिलं.

अभ्या, इरावतीने काही केलं नाही. तिला यातलं काही माहीतसुद्धा नव्हतं. मी गेलो होतो. आधी टोनकडे, मग त्याला बरोबर घेऊन पोलिसांकडे. तू स्वतःचं काही बरंवाईट करून घेशील असं मला वाटतं, असं मी टेबलापलीकडच्या बाईंना सांगितलं आणि त्यांनी ते टाइप करेपर्यंत मान खाली घालून बसलो. तुला न विचारता केलं, कारण विचारलं असतं तर तू हसून मला परत पाठवलं असतंस आणि मी आलोही असतो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. हे पत्र एवढ्यासाठीच, की तुझा राग चुकीच्या घरी चाललाय. तो इकडे पाठव. आधी इरावतीला फोन कर, तिची माफी माग. तुझ्या फॅमिली डॉक्टरची, त्या हाउसआर्ट्सची, वेळ घे, मी सोबत येतो, बाहेर बसतो. शनिवारी सकाळी तुझ्या दाराशी असेन. उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन, शेजारी काय म्हणतील ते म्हणोत. आयुष्यभर माझं तोंड बघू नकोस, चालेल मला. पण शिव्या द्यायला तरी राहा.

तुझाच, तुला नको असलो तरी,
गंधार