ऐश्वर्याशिवायची पावडर

९ जानेवारी २०२४
कपडे धुवायची पावडर बिघडली! साबणाच्या वड्या किसल्या, धुण्याचा सोडा घातला, चमचाभर मीठ, सगळं डब्यात भरलं — आज बघते तर दगड. किस नीट वाळलाच नव्हता. वाळवायचं काम ऐश्वर्याचं. पेपरवर पसरायची, चिमटीत चुरून बघायची. "आई, अजून एक दिवस. घाई करू नका."

मला कुठली घाई आता?

ती माहेरी ठाण्याला, खोपटला गेली त्याला पाच महिने झाले. साईनाथ जाऊन दोन वर्षं. मुलगा गेल्यावर आम्ही सासूसुना दोघीच राहिलो इथे, डोंबिवलीत. कसे दिवस काढले ते आमचं आम्हाला ठाऊक.

१२ जानेवारी
तिच्यासाठीच तर सुरू केलं होतं हे. नवी लग्न होऊन आली तेव्हा बाजारच्या पावडरने तिच्या बोटांना चिरा पडायच्या. मग घरीच करून बघितली. सोडा जास्त झाला की हात जळजळायचे, कमी झाला की बोअरच्या पाण्यात फेसच नाही, कपड्यांवर राप. चार महिने आमचे प्रयोग! साईनाथ ऑफिसला जाताना ओरडायचा, "अगं, माझा शर्ट सोडा, दुसरा कुणाचा तरी घ्या!"

जमली शेवटी. बाजारच्या निम्म्यात पडते. बिल्डिंगमधल्या बायकाही न्यायला लागल्या.

१४ जानेवारी
ऐश्वर्याला फोन केला. "हं... बरी आहे. गोळ्या घेता ना वेळेवर?" संपलं. पूर्वी तास तास बोलायची. तिचा भाऊ आर्यन न्यायला आला तेव्हा मीच म्हटलं होतं, "जा बाई, राहून ये चार दिवस." ते तिला लागलं असेल का?

१९ जानेवारी
दोरीवर दोन साड्या, एक टॉवेल. वाळत घालायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

२८ जानेवारी, रविवार
आली! न कळवता. आल्या आल्या पदर — नव्हे, ओढणी — खोचून किसणी घेऊन बसली. अर्धी वडी किसून झाली आणि खाली मान घालून म्हणाली, "आई, ऑफिसात एक जण आहे. रत्नदीप. त्याने लग्नाचं विचारलं. साईनाथचं सगळं माहीत आहे त्याला."

मी दुसरी वडी तिच्यापुढे सरकवली.

"मी नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून तुम्हाला फोन करायचाच धीर होत नव्हता. आई, मी परत येऊ का इकडेच राहायला? आपण दोघी राहू."

"ये ना!" — तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. इतका आनंद झाला मला.

निघताना विचारलं, "तुला आवडतो तो?" चपलेचा पट्टा लावत होती. "त्याचं काय आता." नाही म्हणाली नाही.

३१ जानेवारी
कपाटातला खण तिच्यासाठी रिकामा केला. शेजारची भावना म्हणाली, "बरं झालं चित्राताई, म्हातारपणी सोबत झाली तुम्हाला."

तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. चौतीस वर्षांची आहे ती. माझी सोबत म्हणून जगायची? तिच्या वयाची होते तेव्हा माझ्या घरात नवरा होता, मुलगा होता, दम खायला फुरसत नव्हती.

पण मला ती हवी आहे. समोर बसलेली हवी आहे. निदान इथे तरी खोटं लिहीत नाही.

२ फेब्रुवारी
तिचा फोन. "बॅग भरली, आई. उद्या दुपारी येते."

म्हटलं, "एक सांग. मी नसते, तर रत्नदीपला काय उत्तर दिलं असतंस?"

 ती रडायलाच लागली. "आई, असं नका ना विचारू."

"सांग."

"हो म्हटलं असतं."

फोन ठेवला. आर्यनला ऐश्वर्याच्या फोनमधून रत्नदीपचा नंबर काढून द्यायला सांगितलं. "कशाला, काकू?" "दे रे, काम आहे."

३ फेब्रुवारी
सकाळीच लावला. "मी साईनाथची आई बोलतेय."  तो हळूच म्हणाला, "नमस्कार, काकू."

म्हटलं, "ऐश्वर्या आज येतेय घरी. उद्या आईवडिलांना घेऊन या — आमची मुलगी बघायला."