भिंतीवरची सगळ्यात वरची चिठ्ठी

३ जून
प्रोफेसर आज सगळ्यांसमोर म्हणाले, आपल्या इनोव्हेशन सेंटरच्या खऱ्या फॅसिलिटेटर ह्या चहावाल्या मावशीच. लोक हसले. हसू देत मेले. कॉलेजवाले आणि फॅक्टरीवाले एका टेबलाशी टिकतात ते माझ्या चहावर. आमचे हे गेले तेव्हापासून त्यांच्या जागी आहे, अजून टेम्पररीच. पण फॅसिलिटेटरला टेम्पररी कोण ठेवेल? यंदा कायम होणार म्हणजे होणार.
संकल्प: मीटिंगमध्ये पेंगायचं नाही. फॅक्टरीच्या मॅनेजरला टकलोबा म्हणायचं नाही.

५ जून
म्हटलं. चूक टकलाची. उन्हात चमकलं.

९ जून, सकाळी
फॅक्टरीच्या अडचणी रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला लावतात. महत्त्वाची असेल ती वर. काय तो गबाळा कारभार! पिवळीशेजारी हिरवी, मधेच गुलाबी. रंगवार नीट लावल्या. वर जागा उरली, तिथे माझी एक: मीटिंग लांबते, चहा गार होतो.

१० जून
कुणाला पत्ता नाही! प्रोफेसरांना वाटलं चिठ्ठी फॅक्टरीची, टकलोबाला वाटलं कॉलेजची. एकमेकांना दुखवायचं कसं? दोघांनी माना डोलावल्या. फॅक्टरीच्या गळक्या झाकणांची अडचण खालीच राहिली. माझा प्रोजेक्ट पास!
लेकीला फोन केला. म्हणाली, आई, तू तिथे नक्की करतेस काय? शिकलेल्या पोरींना खोदून विचारायची खोडच असते.

२४ जून
विद्यार्थी रोज माझी मुलाखत घेतात. पावडर कधी टाकता, किती उकळता, कुणाला बिनसाखरेचा. सगळं सांगितलं. हातचं काही राखलं नाही. फॅसिलिटेटरने राखू नये.

१५ जुलै
मशीन तयार! बटण दाबलं की गरम चहा. फीत मी कापली. टाळ्या! घरी येऊन ह्यांच्या फोटोला म्हटलं, जन्मभर ट्रे उचललात, आता बघा बायकोचा थाट. नेहमीसारखे गप्प.

३० जुलै
ऑफिसात बोलावलं. ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. क्लार्कबाई म्हणाल्या, कायमची ऑर्डर निघाली. मी हात पुढे केला.
ऑर्डर मशीनची होती. मला उद्यापासून यायचं नाही.
टकलोबा जिन्यात भेटला. मान खाली, टक्कल समोर. मी बाजूने उतरले.
निघताना बटण दाबून एक कप घेतला. वाटलं, पाणचट असेल.
अगदी माझ्या हातचा निघाला. शिवाय गरम.